मूळ रूप की नवा साज?

जुनी मोटारसायकल हेही इतिहासाचं साधन असतं, असं मी म्हटलं तर कदाचित आपल्याला हसू येईल. पण जावाच घ्या. चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर ती म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१पासून तयार होऊ लागली. किक आणि गिअर यांचा दांडा एकच, ही तिची ओळख! पुढे तिचं नाव येझदी झालं आणि १९९६मध्ये तो कारखाना बंद पडला. म्हणूनच फॅशनसाठी तिची चेसी आणि मडगार्ड कापणाऱ्या तरुणांना मी म्हणतो, कापलेलं लोखंड पुन्हा पहिल्यासारखं होत नाही.

मात्र मूळ रूपाचा हट्टही सरसकट धरू नये. सौराष्ट्रातल्या कारागिरांनी बुलेटला डिझेल इंजिन आणि मागे दोन चाकं जोडून छकडा घडवला. त्यातून माणसं आणि शेतमाल वाहिला गेला. हा बदल गरजेतून आलेला. तो काढून त्याची पुन्हा ‘अस्सल’ बुलेट केली, तर गावाचाच इतिहास पुसला जाईल.

माझी कसोटी साधी आहे. रस्त्यावर चालवण्यासाठी दिवे-ब्रेक जरूर सुधारा. पण बदल पुन्हा काढता येईल असा करा आणि उतरवलेला प्रत्येक भाग जपून ठेवा.