कुपाचा धनी कोण?

भांडवलशाही की समाजवाद, असा वाद रंगला म्हणजे मला जव्हार-मोखाड्याचे जंगल आठवते. १९४७ साली बाळासाहेब खेरांच्या सरकारने मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्थांची योजना काढली. १९४८ त जव्हार संस्थान विलीन झाले आणि पुढे इथलेही कूप अशा संस्थांकडे आले. जंगल सरकारचे, कुऱ्हाड वारली-कोळ्यांची, लाकूड मात्र खुल्या बाजारात विकायचे! मधला ठेकेदार तेवढा वगळला. मला ही मांडणी अजूनही देखणी वाटते. पण हिशेबाची वही कोणाच्या हाती? अक्षरओळख नसलेला सभासद अंगठा उठवी; व्यवहार पाहायला बाहेरची, भली का असेनात, माणसे लागत. आणि पावसाळा लागला, की कुपाचा हा धनी खावटीसाठी सावकाराच्या ओट्याशी उभा!