कुणाच्या मापाचा बॅले?

मागच्या दिवाळीत माझ्या मामेबहिणीने फराळाच्या ताटातली एक चकली मोडली, त्यातला एक तुकडा खाल्ला आणि बाकीचं ताट तसंच स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. ती चौदा वर्षांची आहे. पुण्यात एका क्लासमध्ये चार वर्षं बॅले शिकते आहे. मामी म्हणाली, "जानेवारीत शो आहे ना. बाई म्हणाल्या, मांड्या जाड दिसतात."

मला तेव्हा त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट कॅलरी मोजायचं अ‍ॅप तिच्या फोनवर मीच टाकून दिलं होतं. "दादा, चांगलं कुठलं?" असं तिने विचारलं आणि मी दोन-तीन तपासून एक निवडलं. त्याला अठराच्या खालचं वय चालत नव्हतं, म्हणून आम्ही अठरा भरलं. 'किती किलो व्हायचंय' हा आकडा तिने स्वतः टाकला. तो कुठून आणला, हे मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत मामीचा फोन आला. मुलीची पाळी चार महिने आली नव्हती आणि पायाच्या हाडाला बारीक तडा गेला होता.

कोडमध्ये बग सापडला की आम्ही आधी बघतो, ही ओळ कुणी टाकली आणि कधी. त्या सवयीनेच मी वाचायला लागलो. बॅले करणारी मुलगी काटकुळीच हवी, ही अट मुळात आली कधी?

सुरुवातीला ती नव्हतीच. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१ साली नृत्याची राजेशाही अकादमी काढली, तेव्हा बॅले हा दरबारी पुरुषांचा नाच होता. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या १६८१ मध्ये, टाचांचे बूट आणि जमिनीपर्यंत घागरे घालून. मांड्या जाड की बारीक, हे दिसायलाच वाव नव्हता.

मग आली मारी टाग्लिओनी. १८३२ साली पॅरिसमध्ये 'ला सिल्फीद' सादर झालं. त्यात ती वाऱ्यासारख्या हलक्या परीच्या भूमिकेत बोटांच्या टोकांवर तरंगत आली आणि बॅलेची नायिका म्हणजे जमिनीला न टेकणारी बाई, हे चित्र लोकांच्या मनात पक्कं बसलं. गंमत म्हणजे तेव्हाच्या मापाने टाग्लिओनी 'नापास' होती. खांदे थोडे वाकलेले, हात प्रमाणापेक्षा लांब. तिचे वडील फिलिप्पो हेच तिचे गुरू आणि नृत्यरचनाकार. त्यांनी तिच्याकडून रोज तासन् तास घाम गाळणारा सराव करून घेतला, पण हातांचं काय करणार? म्हणून त्यांनी हातांच्या मुद्रा अशा बसवल्या की लांबी लपावी. हात छातीशी दुमडलेले, मान किंचित झुकलेली. पुढे हीच ठेवण रोमँटिक बॅलेची ओळख झाली. थोडक्यात, ज्या परीसारखं दिसायला आजच्या मुली उपाशी राहतात, ती परी एका बेढब ठरवलेल्या शरीराच्या मापाने शिवलेली होती.

पन्नास वर्षांनी त्याच पॅरिसमध्ये एद्गार देगाने मेणाचा एक पुतळा मांडला. उंची सुमारे एक मीटर, अंगावर खरा कापडी झगा, डोक्याला केस. नाव 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी', साल १८८१. त्याच्यासमोर उभी राहिलेली मुलगी होती मारी व्हान गोएथेम. तिची आई कपडे धुऊन घर चालवायची. अशा गरीब घरच्या मुली ऑपेराच्या शाळेत यायच्या. त्यांना 'छोटे उंदीर' म्हणत. पडद्यामागच्या दालनात श्रीमंत वर्गणीदारांना येण्याची मुभा असे आणि ते तिथे कशासाठी येत, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. पुतळा पाहून समीक्षकांनी त्या पोरीला कुरूप म्हटलं, कुणी माकडाची उपमा दिली. पुढच्याच वर्षी वर्गाला गैरहजर राहिल्याबद्दल तिला ऑपेरातून काढून टाकलं. चौदा वर्षांच्या मुलीचं शरीर म्हणजे मोठ्यांनी शेरे मारायची जागा, हे बॅलेत तेव्हाच ठरून गेलं होतं. फक्त शेरा अजून वजनाचा नव्हता.

कारण त्या काळात गाजत होत्या त्या इटालियन नर्तकी, बुटक्या आणि पिळदार पायांच्या. १८९५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये 'स्वान लेक'मध्ये एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेणारी पिएरिना लेन्यानी त्यांतलीच. त्याच शहरातल्या शाळेत आन्ना पावलोवा नावाची हडकुळी मुलगी शिकत होती. तिला वर्गमैत्रिणी 'झाडू' म्हणून चिडवत आणि ती भरावी म्हणून तिला माशाचं तेल पाजत. हो, वजन वाढवायला! तिच्या शिक्षकांनी तिला लेन्यानीची नक्कल करायला लावली नाही, तिचं नाजूकपण हेच तिचं बळ मानलं. पुढे ती जगभर फिरली, १९२२-२३च्या दौऱ्यात मुंबईतही नाचून गेली. तिच्या 'मरणाऱ्या हंसा'नंतर हडकुळेपणालाच सौंदर्य म्हणू लागले. एका मुलीची सवलत पुढच्या सगळ्या मुलींची सक्ती झाली.

सक्तीला खरी धार आली ती न्यूयॉर्कमध्ये. जॉर्ज बालान्शिन १९३३ साली अमेरिकेत गेला आणि १९३४ मध्ये त्याची शाळा सुरू झाली. त्याच्या कित्येक रचनांत झालर नाही, घागरा नाही, सरावाचे अंगाला चिकटलेले साधे कपडे. आता शरीराची रेषा हाच पोशाख झाला. लांब पाय, छोटं डोकं, छाती-कंबर जेमतेम. रचना विलक्षण सुंदर आहेत, मी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिले. पण त्याच्याकडे पंधराव्या वर्षी दाखल झालेल्या गेल्सी कर्कलंडने १९८६च्या आत्मचरित्रात लिहिलंय की आधीच किडकिडीत असलेल्या तिच्या बरगड्यांवर बोट ठेवून त्याने हाडं दिसायला हवीत, असं सुचवलं होतं.

१९८० आणि १९८६ साली अमेरिकी डॉक्टरांनी तरुण बॅले नर्तकींवरचे अभ्यास छापले. पाळी उशिरा सुरू होणं, मध्येच बंद पडणं, आणि अशा मुलींमध्ये हाडं मोडण्याचं वाढलेलं प्रमाण. कारण साधं आहे. खाणं खर्चाला पुरत नसेल तर शरीर आधी पाळी थांबवतं, इस्ट्रोजेन घटतं, आणि ज्या वयात हाडं भरायची त्याच वयात ती पोकळ राहतात. म्हणजे माझ्या बहिणीचं निदान तिच्या जन्माच्या कितीतरी आधी छापून झालं होतं. तरीही २०१९ साली व्हिएन्नाच्या नामांकित बॅले अकादमीच्या चौकशीत उघड झालं की बारीक राहण्यासाठी मुलांना सिगारेट ओढायचा सल्ला दिला जात होता.

बॅलेला शरीर लागतं, हे मी नाकारत नाही. खुब्यातून पाय बाहेर वळावे लागतात, घोटे मजबूत लागतात, जोडीदार उचलतो तेव्हा वजनही मोजलं जातं. पण यातलं काहीच उपाशी हाडांवर जमत नाही. मिस्टी कोपलंड तेराव्या वर्षी बॅले शिकू लागली, म्हणजे या जगाच्या हिशेबाने फारच उशिरा. अंग भरल्यावर तिला 'लांब दिस' असं गोड भाषेत सुनावलं गेलं. भरल्या पायांची ही कृष्णवर्णीय नर्तकी २०१५ साली अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तकी झाली.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. तिने अर्धवट ऐकलं. देगाच्या पुतळ्याचा फोटो मात्र तिने झूम करून बराच वेळ पाहिला.

"हिचे गुडघे माझ्यासारखेच आहेत," ती म्हणाली. मग, "हिला पण कुणी बोलायचं का?"

"खूप जण."

"आणि ही काय म्हणायची?"

ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, असं मी सांगितलं.

डॉक्टरांनी क्लास सध्या बंद ठेवलाय. आधी जेवण, मग पाळी, मग हाड, आणि नाच सगळ्यांत शेवटी. अ‍ॅप मी तिच्यासमोर काढून टाकलं. पण परवा जेवताना पोळीकडे बघून तिचे ओठ हलले आणि मला कळलं, आकडे अजून तिच्या डोक्यात आहेत. तिथून ते काढायचं बटण मला माहीत नाही. मी फक्त मामीला म्हटलं, मलाही एक पोळी वाढ, आणि ती खाईपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलो.