वारसा फक्त इमारतींचा नसतो, जमिनीचाही असतो!

वारसा म्हटले की व्यवस्थेला किल्ले, वाडे, राजवाडे आठवतात. पण आपला इतिहास घडला कुठे? महाडच्या तळ्याकाठी आणि नागपूरच्या मोकळ्या मैदानात! ज्यांना राजवाडे बांधायला कुणी जमीन दिली नाही, त्यांच्या इतिहासात इमारतीपेक्षा मोकळी जागाच मोठी असते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मक्रांती केली, तेव्हा दीक्षाभूमीवर आजचा स्तूप नव्हता. त्याचे उद्घाटन 2001 साली झाले. म्हणजे ते मैदान हे स्तूपाभोवतीचे रिकामे आवार नाही, तेच मूळ स्मारक आहे. म्हणूनच तिथे भूमिगत पार्किंगसाठी खोदकाम झाले तेव्हा 1 जुलै 2024 रोजी हजारो अनुयायी धडकले आणि सरकारला त्याच दिवशी कामाला स्थगिती द्यावी लागली.

पण मित्रांनो, दरवेळी खड्डा पडल्यावरच जागे व्हायचे का? जागेचे भवितव्य त्याआधी कागदावर ठरलेले असते.

महाडचा इतिहास हेच सांगतो. 1923 च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी हाती घेऊन हक्क बजावला. लगेच ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! बाबासाहेबांनी रस्ता सोडला नाही आणि कागदही सोडला नाही. 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ते लढले.

आज आपल्या हातात महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 आहे. ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद विकास आराखड्यात करता येते, असे त्याचे कलम 22 सांगते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवणे बंधनकारक आहे. मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीने तर इमारतींबरोबर संपूर्ण परिसरालाही संरक्षण दिले.

मग आपल्या गावातील परिषदेचे मैदान, सत्याग्रहाची विहीर, बाबासाहेबांची सभा झालेली जागा आराखड्यात आहे का? की तिथे दुसरेच आरक्षण पडले आहे? नगरपालिकेत जा, नकाशा मागा, सर्व्हे नंबर तपासा, मुदतीत लेखी हरकत नोंदवा आणि पोच घ्या. ज्येष्ठांच्या आठवणी, जुनी छायाचित्रे, वृत्तपत्रांची कात्रणे पुरावा म्हणून जोडा.

जयंतीला मिरवणूक निघालीच पाहिजे. पण जिथे इतिहास घडला ती जमीनच उरली नाही, तर पुढच्या पिढीला आपण काय दाखवणार?

जय भीम!