अणुस्फोटांच्या विवरांचें मोजमाप

१९५२ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस प्रशांत महासागरांतील एनिवेटॉक या कंकणाकृति प्रवाळद्वीपाचें एलुगेलाब नांवाचें एक बेट नाहींसें झालें. अमेरिकेनें तेथें आपल्या पहिल्या प्रचंड हायड्रोजन-स्फोटाची चांचणी घेतली होती. बेटाच्या जागीं समुद्राच्या तळाशीं एक वाटोळें विवर राहिलें. रुंदी ६,२४० फूट, खोली १६४ फूट. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर ज्यांनीं कांठावर उभें राहून पाहिलें असेल त्यांना या रुंदीची कल्पना सहज येईल. तें विवरहि जवळजवळ तितकेंच रुंद आहे. तें मात्र आकाशांतून आलेल्या अशनीनें पाडलें, हें माणसानें.

खड्ड्याचें माप घेण्यांत अवघड तें काय, असा प्रश्न कोणाच्याहि मनांत येईल. पण येथें प्रथम कांठापाशीं जाण्याचीच चोरी, कारण माती किरणोत्सर्गानें भारलेली. म्हणून स्फोटाच्या आधीं आणि नंतर विमानांतून छायाचित्रें घ्यावयाचीं, त्यांवरून जमिनीच्या उंचसखलपणाचे दोन नकाशे तयार करावयाचे आणि एकांतून दुसरा वजा करावयाचा, अशी रीत पडली. पाण्याखालील विवराची खोली ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून काढतात. इतकें करूनहि हातीं येतें तें दिसणारें विवर. वर उडालेल्या दगडमातीपैकीं बराचसा भाग पुन्हां खालीं येऊन तळ भरून काढतो. स्फोटानें खरोखर खणलेलें विवर त्या भरावाखालीं दडलेलें असतें.

नेव्हाडाच्या वाळवंटांत १९५१ च्या नोव्हेंबरांत दहा दिवसांच्या अंतरानें दोन स्फोट करण्यांत आले. दोहोंची शक्ति सारखीच, १.२ किलोटन, म्हणजे बाराशें टन टी. एन. टी. या स्फोटक द्रव्याइतकी. पहिला जमिनीच्या साडेतीन फूट वर झाला; त्याचा खड्डा ९० फूट रुंद व २१ फूट खोल. दुसरा १७ फूट खालीं पुरलेला होता. त्याचा २६० फूट रुंद व ५३ फूट खोल. वरच्या स्फोटाचा बहुतेक जोर हवेंत वायां गेला, पुरलेल्याचा जमिनीला भोगावा लागला. अर्थात् पुरण्यालाहि मर्यादा आहे. फारच खोल पुरल्यास माती उडतच नाहीं; पोटांत पोकळी होते आणि मागाहून वरची जमीन ढासळून बशीसारखा खळगा पडतो. नेव्हाडाच्या यक्का मैदानावर असे शेंकडों खळगे आहेत.

याच मैदानांत ६ जुलै १९६२ रोजीं १०४ किलोटनांचा ‘सेडान’ स्फोट ६३५ फूट खोलीवर करण्यांत आला. अणुशक्तीनें कालवे आणि बंदरें खणतां येतील काय, हें त्यांत पाहावयाचें होतें. विवर १,२८० फूट रुंद व ३२० फूट खोल झालें. एक कोटीहून अधिक टन माती हलली, आणि किरणोत्सर्गी धूळ वाऱ्याबरोबर पूर्वेकडील राज्यांवर पसरली. कालव्यांचा बेत पुढें बारगळला, तो बराचसा या धुळीमुळेंच.

आतां एक त्रैराशिक पाहण्यासारखें आहे. सेडानची रुंदी खोलीच्या चौपट. एलुगेलाबच्या विवराची अडतीस पट! प्रचंड स्फोट उथळच खड्डा पाडतो, कीं हा त्या भिजलेल्या, सच्छिद्र प्रवाळाचा गुण? वाद केवळ पंडितांचा नव्हता. क्षेपणास्त्रें भुईखालच्या काँक्रीटच्या विहिरींत ठेवलेलीं होतीं. जवळ बाँब पडला तर अशी विहीर वांचेल किंवा नाहीं, हें विवर किती रुंद होईल यावर ठरावयाचें. आणि मेगाटन शक्तीच्या विवरांचीं मापें अमेरिकेजवळ होतीं तीं या प्रवाळांतलींच. संहाराचा सारा हिशोब एका शंकास्पद आंकड्यावर उभा होता.

अखेर १९८४-८५ मध्यें, म्हणजे तेथील चांचण्या थांबून पाव शतक उलटल्यावर, एनिवेटॉकच्या दोन विवरांची पुन्हां तपासणी झाली. छोटी पाणबुडी तळाशीं उतरली. गिरमिटानें तळ खोलवर भेदून नमुने काढण्यांत आले. कोणता थर मूळचा कोठला, हें त्यांतील सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांवरून ओळखलें. तेव्हां कळलें कीं, स्फोटानें प्रत्यक्ष खणलेला भाग दिसणाऱ्या विवराहून पुष्कळच लहान होता. हादऱ्यानें पाण्यांतला प्रवाळ पातळ चिखलासारखा झाला, कडा आंत घसरल्या, तळ दबत गेला आणि विवर आपोआप फांकलें.

याच एनिवेटॉकच्या रहिवाशांना १९४७ सालीं उजेलांग बेटावर हलविलें होतें; त्यांना परत येतां आलें १९८० सालीं. मधल्या काळांत तेथें ४३ स्फोट झाले. त्यांपैकीं रुनिट बेटावरील १९५८ च्या एका विवरांत, बेटें साफ करतांना निघालेली दूषित माती व मोडतोड भरण्यांत आली आणि वर दीड फूट जाडीचा काँक्रीटचा घुमट बांधला. विवराच्या तळाला मात्र अस्तर घातलें नाहीं. घुमटाखालचें पाणी आजहि भरतीओहोटीबरोबर वरखालीं होत असतें.