आसऱ्याकडून हक्काकडे : सीमाभागातील विद्यार्थ्यांच्या आधाराची वाटचाल

महाभारत सांगितले व्यासांनी, पण लिहून काढले गणपतीने. सांगणे मध्येच थांबता कामा नये, ही गणपतीची अट. आणि अर्थ समजल्याशिवाय अक्षर लिहू नये, ही व्यासांची. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. म्हणजे आपला बाप्पा विद्येचे दैवत आहेच, शिवाय तो लेखनिकही आहे. आज परीक्षेत दृष्टिहीन किंवा हाताने अधू विद्यार्थ्याशेजारी बसून त्याची उत्तरे लिहून देणाऱ्यालाही लेखनिकच म्हणतात. आपल्या बीदर-कलबुर्गी भागात कॉलेजला जाणाऱ्या मुलांना, त्यातही दिव्यांग मुलांना, सल्ला आणि आधार कोणी दिला व आज तो कुठे मिळतो, याचा थोडक्यात आढावा आम्ही येथे घेत आहोत.

आपले दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. सरकारी शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, तेही उर्दू माध्यमाचेच. घरात मराठी, गल्लीत कानडी आणि शाळेत उर्दू, अशी आपल्या आजोबा-पणजोबांची तऱ्हा. गुलबर्ग्यात १९०७ साली निघालेले नूतन विद्यालय आणि त्याच सुमारास हैदराबादेत सुरू झालेली विवेकवर्धिनी यांनी मराठी घरांना मोठा धीर दिला. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टद्देवरू यांनी बाहेर उर्दू पाटी लावून आत कानडी शिकवले, हेही आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे.

त्या काळी समुपदेशक हा शब्द कोणी ऐकला नव्हता. पुढे काय शिकायचे ते मास्तर सांगत. पुण्याला किंवा सोलापूरला कोणाकडे उतरायचे ते गावातले वकीलसाहेब सांगत. जेवणासाठी मुले वार लावून घेत. यात माया होती, पण ज्याची ओळख त्याचीच सोय होई. ज्या मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याचे नाव तर या यादीत येतच नसे. तो घरीच राही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन वाटे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग म्हैसूर राज्यात आला. त्या वादात आम्हाला पडायचे नाही. पण एक परिणाम नोंदवायला हवा. सल्ला देणारे मास्तर, वकील, नातलग एका राज्यात राहिले आणि मुलाचे कॉलेज दुसऱ्या राज्यात गेले. पुढे १९५८ मध्ये हैदराबाद कर्नाटक एज्युकेशन सोसायटी आणि १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ स्थापन झाल्याने उच्च शिक्षण जवळ आले. तरी आपल्या भाषेत मोकळेपणाने विचारावे अशी जागा कमीच राहिली. आजही कर्नाटकात कलम ३७१ (जे) खालील जागा आणि महाराष्ट्रात सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या जागा, अशी दोन दारे आहेत. कोणत्या मुलाला कोणते दार बरे, त्यासाठी कोणता दाखला लागतो, हे बऱ्याच घरांना प्रवेशाची मुदत संपल्यावर कळते.

दिव्यांग मुलांना पहिला आसरा दिला तो मठ-संस्थानांनी. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि पुट्टराज गवई या स्वतः दृष्टिहीन असलेल्या गुरूंनी कितीतरी अंध मुलांना संगीत शिकवून उभे केले. आपल्या माणिकनगरच्या प्रभू संस्थानानेही अंध मुलांची निवासी शाळा चालवली. कलबुर्गीत अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी सरकारी निवासी शाळा झाल्या.

येथे ब्रेलविषयी एक गोष्ट सांगायला हवी. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' ठरले. त्यामुळे मराठीतला 'क' आणि कानडीतला 'क' बोटांखाली सारखाच लागतो. 'ळ' सुद्धा दोन्हीकडे एकच. डोळस माणसे पाट्यांवरच्या लिपीसाठी भांडत असताना दृष्टिहीन मुलाच्या बोटांना मात्र दोन्ही भाषांची बहुतेक अक्षरे एकच आहेत.

१९९५ च्या कायद्याने या आसऱ्याचे हक्कात रूपांतर सुरू झाले, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते पक्के केले. त्यात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी व अनुदानित कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. जादा वेळ, लेखनिक, तसेच दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचीही तरतूद आहे. तीन-चार भाषांच्या ओझ्याखालच्या आपल्या मुलांसाठी ही शेवटची सवलत फार मोलाची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाताच्या विकारामुळे लिहिता न येणाऱ्या एका उमेदवाराला, ४० टक्क्यांची अट न लावता, लेखनिकाचा हक्क मान्य केला.

मनाच्या आधाराचेही तसेच. २५ जुलै २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठी आणि कानडीतूनही बोलता येते, तेही फुकट.

मग अडते कुठे? आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे कागदाची बाजू आम्हाला कळते. हक्क आपण होऊन घरी चालत येत नाही. अर्ज लागतो, जिल्हा रुग्णालयाचा दाखला लागतो, यूडीआयडी कार्ड लागते. आणि आपली घरे दाखलाच काढत नाहीत. बहिणीचे लग्न अडेल, लोक काय म्हणतील, असे म्हणून मुलाचे कमी ऐकू येणे लपवले जाते. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे वेड्याच्या डॉक्टरकडे जाणे, असेही बोलले जाते. मूल मागच्या बाकावर बसून दोन वर्षे काढते आणि एके दिवशी कॉलेज सोडते. दोष मात्र त्याच्या बुद्धीला दिला जातो.

मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू झाले. तेवढे आपल्या मंडळाला झेपणार नाही, पण दोन कामे आपल्या आवाक्यातली आहेत. पहिले, लेखनिकांची यादी. २०१८ च्या सूचनांप्रमाणे स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालच्या शिक्षणाचा असावा लागे. म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला पीयूसीचा मुलगा किंवा मुलगी चालत असे, आणि मंडपात राबणारी आपली अर्धी पोरे त्याच वयाची आहेत. विद्यापीठाचा नियम आधी पाहून घ्यावा, एवढेच. दुसरे, अर्ज-दाखल्यांची माहिती देणारी, दर रविवारी तासभर बसणारी दोन जाणती माणसे. ग्रामपंचायतीतील व्हीआरडब्ल्यू आणि तालुक्याचे एमआरडब्ल्यू हे कार्यकर्ते याच कामासाठी नेमलेले आहेत. त्यांच्याशी गाठ घालून दिली तरी पुष्कळ काम होईल.

पूर्वी आपली मुले वार लावून शिकली, ती समाजाच्या मायेवर. आताच्या मुलांना दया नको, हक्काचा कागद आणि तो भरायला शेजारी बसणारा माणूस हवा. तो माणूस आपल्यातून उभा राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!