अंथरुणातून उठवलेली माणसे

यंदाच्या स्मरणिकेसाठी "इतिहासातले काही लिहा" असे कार्यवाहबाईंनी सांगितले, तेव्हा मी गोंधळलेच. माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हटला की मला गडकिल्ले आणि सनावळ्या आठवतात. पण आमच्या घरी मागच्या वर्षी जे घडले, त्यातून एका निराळ्याच इतिहासाची मला ओळख झाली. डॉक्टर व परिचारिका म्हाताऱ्या आणि अपंग माणसांकडे कोणत्या नजरेने पाहत आले, त्याचा हा इतिहास. माझी धाकटी नणंद परिचारिका आहे. तिच्याकडून ऐकलेले मी वहीत उतरवून घेतले, तेच येथे मांडते.

आधी घरची हकीकत. माझ्या सासूबाईंना ८१व्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, उजवी बाजू लुळी पडली. चौथ्या दिवशी डॉक्टर आले. सासूबाई समोर जाग्या होत्या, पण त्यांच्याशी एक शब्द न बोलता डॉक्टरांनी ह्यांना विचारले, "वय काय ह्यांचं?" वय ऐकल्यावर म्हणाले, "मग आता काय! घरी न्या. आराम करू द्या." सासूबाई अडखळत म्हणाल्या, "अहो, मला विचारा ना. मी अजून आहे इथे." डॉक्टर हसले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आम्ही घरी आणले आणि सांगितल्याप्रमाणे आराम दिला. मी घास भरवीत होते, कूस बदलायचीही तसदी पडू देत नव्हते. सेवा करते आहे, असेच मला वाटे. तिसऱ्या आठवड्यात नणंद आली, तिने पाठ उघडून पाहिली. माकडहाडावर लाल चट्टा उठला होता. ती म्हणाली, "वहिनी, आईला झटक्याने जेवढं पाडलं नाही, तेवढं ही खाट पाडील." मला फार लागले. पण मग तिने जे सांगितले, ते ऐकून मी गप्प झाले.

न्यूयॉर्कमध्ये इग्नाट्झ नॅशर नावाचे डॉक्टर होते. विद्यार्थिदशेत ते आपल्या गुरूंबरोबर गरिबांच्या आश्रयगृहात गेले असता एक म्हातारी कण्हत पुढे आली. हिला काय झाले आहे, असे त्यांनी विचारले. गुरू म्हणाले, म्हातारपण. मग त्यावर करायचे काय? काही नाही. हे उत्तर नॅशर यांना आयुष्यभर डाचले. लहान मुलांचे वैद्यक वेगळे असते, तर म्हाताऱ्यांचे का नसावे, असा विचार करून १९०९ साली त्यांनी त्या शास्त्राला 'जेरियाट्रिक्स' हे नाव दिले. आपल्या आयुर्वेदाने तर आठ अंगांत 'जरा' हे एक अंग फार पूर्वीच मानले होते. पण पोथीत अंग असणे वेगळे आणि खाटेजवळ कोणी येऊन बसणे वेगळे.

खाटेजवळ जाणारी व्यक्ती एक बाई होती. तिचे नाव डॉ. मार्जरी वॉरेन. जन्म १८९७, लंडनचा. लंडनच्या पश्चिमेस आयलवर्थ येथे वेस्ट मिडलसेक्स नावाचे इस्पितळ आहे. त्याच्या शेजारी निराधार गरिबांची जुनी सरकारी इमारत होती. १९३५ साली ती इस्पितळात सामील झाली आणि तेथील ७१४ रुग्ण वॉरेनबाईंच्या ताब्यात आले. या सर्वांच्या नावापुढे एकच शेरा असे : जुनाट, बरे न होणारे. म्हातारे आणि तरुण, शुद्धीतले आणि भ्रमिष्ट, पक्षाघाताचे आणि नुसतेच निराश्रित, सारे एकाच ओळीत वर्षानुवर्षे पडून होते. डॉक्टर क्वचित फिरकत. परिचारिका थोड्या आणि काम कष्टाचे. त्यांनाही या दालनात नेमणूक म्हणजे शिक्षा वाटे. येथला रुग्ण उठायचा नाही, हे ठरूनच गेले होते. म्हणून कोणी त्याला उठवीत नव्हते. आणि उठवीत नव्हते म्हणून तो उठत नव्हता.

वॉरेनबाईंनी सुरुवात अगदी साध्या गोष्टीने केली. त्यांनी एकेकाला नव्याने तपासले. याला नक्की काय झाले आहे, हा प्रश्न प्रत्येकाच्या बाबतीत पहिल्यापासून विचारला. मग रुग्णांचे पाच गट पाडले : उठून बसू शकणारे, खाटेवरच पण नैसर्गिक विधींवर ताबा असलेले, ताबा नसलेले, बुद्धी मंदावलेले पण शांत, आणि इतरांपासून वेगळे ठेवावे लागतील असे भ्रमिष्ट. दालनांच्या भिंतींना उजळ रंग दिला, उजेड वाढवला. डॉक्टर, परिचारिका, व्यायाम करवून घेणाऱ्या बाई, हातांना काम शिकवणाऱ्या बाई, घरच्यांशी बोलणाऱ्या समाजसेविका अशा सर्वांना एकत्र बसवून प्रत्येक रुग्णाचा विचार सुरू केला. पक्षाघाताने लुळे पडलेल्यांना, पाय कापलेल्यांना पुन्हा उभे राहायला, चालायला शिकवले. पुष्कळ जण घरी गेले. जे जाऊ शकले नाहीत त्यांची निदान ओळख तरी पटली. ७१४ खाटांची गरज उतरत उतरत २४० वर आली.

१९४३ साली त्यांनी इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, अशा रुग्णांना आडबाजूला न टाकता सामान्य इस्पितळातच त्यांचा वेगळा विभाग करा आणि शिकाऊ डॉक्टर-परिचारिकांना तेथे शिकायला पाठवा. त्यांचे म्हणणे चटकन कोणी उचलले नाही. म्हाताऱ्यांच्या दालनात काम करून नाव होत नाही, असे हुशार तरुण डॉक्टरांना वाटे. तरीही १९४७ साली या कामाला वाहिलेल्या डॉक्टरांची संस्था निघाली, आणि १९४८ साली इंग्लंडात सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवा सुरू झाल्यावर असे विभाग हळूहळू वाढत गेले. वॉरेनबाई १९६० साली परदेशी परिषदेला जाताना मोटार अपघातात सापडून वारल्या. अखेरपर्यंत त्या याच कामात होत्या.

१९४७ सालीच रिचर्ड ॲशर नावाच्या लंडनच्या एका डॉक्टरांनी खाटेवर पडून राहण्याचे धोके एका लेखात मांडले. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायांच्या शिरांत रक्त गोठते, स्नायू गळतात, सांधे आखडतात, हाडे ठिसूळ होतात, मलावरोध होतो आणि मनही खचते. नणंदेने ही यादी मला एकेक करून सांगितली, तेव्हा त्यातली निम्मी लक्षणे माझ्या घरात होती. रोगाने आणलेली नव्हेत. माझ्या आरामाने आणलेली!

म्हाताऱ्यांचे असे, तर तरुण अपंगांचे काय? युद्धात पाठीच्या कण्याला गोळी लागून कमरेखाली लुळे झालेले सैनिक बहुधा दोनेक वर्षांत जखमा चिघळून किंवा लघवीचा दोष होऊन मरत. डॉक्टर त्यांना शांतपणे मरू देणे हीच दया समजत. जर्मनीतून ज्यू म्हणून परागंदा झालेले डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४च्या फेब्रुवारीत इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे अशा रुग्णांचा विभाग उघडला. रात्रंदिवस दर दोन तासांनी प्रत्येकाची कूस बदलायची, हा त्यांचा दंडक. एवढ्याने माणसे जगू लागली. मग जगलेल्यांना काम हवे, खेळ हवा. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिक सुरू झाले, त्याच दिवशी या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकांच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांनी तिरंदाजीचा सामना खेळला. त्यातूनच आजचे पॅरालिंपिक उभे राहिले. याच सामन्यांत १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झालेला हा जवान! २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आपल्या देशातही हे काम झाले आहे. मुंबईत हाजीअलीला अपंगांच्या पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ साली निघाली. मद्रासच्या सरकारी रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी वेगळी सेवा सुरू केली. केंद्र सरकारने वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली हाती घेतला. कायदे आले, योजना आल्या. तरी "मग आता काय!" हे तीन शब्द काही गेलेले नाहीत.

मी डॉक्टरांना दोष देत बसत नाही. बाहेर शंभर माणसांची रांग असते, तेही थकतात. आणि हेही खरे की वॉरेनबाई डॉक्टरच होत्या, माझ्या डोळ्यांत अंजन घातले तेही एका परिचारिकेनेच. पण म्हणतात ना, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. "वय झाले" हा शब्द तसाच सोकावतो. आज डॉक्टरांच्या तोंडी, उद्या मुलाच्या, परवा सुनेच्या. आणि शेवटी म्हातारे माणूस स्वतःच तो म्हणू लागते.

म्हणून भगिनींनो, एवढेच मागते. आपल्या घरच्या म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला दवाखान्यात नेले, तर डॉक्टरांना नम्रपणे म्हणावे, "त्यांनाच विचारा, त्या सांगतील." आणि "वय झालं" असे उत्तर आले, तर पुन्हा विचारावे, "वय झालं ते खरं, पण झालंय काय? बसवायचं कधी, उभं कधी करायचं, व्यायाम कोण शिकवील?" यात उद्धटपणा नाही. वॉरेनबाईंनी ७१४ खाटांशी हेच विचारले होते.

सासूबाईंना आम्ही आधी खाटेच्या कडेला बसवले, मग खुर्चीत, मग चौपायी काठी देऊन उभे केले. त्या पुष्कळ रडल्या, मला बोलल्याही. दोन महिन्यांनी भिंत धरून ओसरीपर्यंत आल्या. उजवा हात काही परत आला नाही. डाव्या हाताने चमच्याने जेवतात, निम्मे सांडते. पण घास स्वतःचा स्वतः घेतात.

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला त्या येणार आहेत. कोणी त्यांना उचलून आणायला धावू नये. पुढच्या रांगेत हात असलेली एक खुर्ची तेवढी ठेवावी, आणि कशा आहात, ते मला न विचारता त्यांनाच विचारावे.