लाकडावरची सुई : यंत्र-भरतकामाच्या दोनशे वर्षांची गोष्ट

१/ लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर यंत्राने भरलेली फुले आज पुस्तकखुणांवर, कर्णभूषणांवर आणि भिंतीवरच्या चौकटींत दिसतात. हौस नवी वाटते. पण तिच्यामागे सुमारे दोनशे वर्षांची यंत्रपरंपरा आहे. त्या परंपरेत लहान मुलांचे कष्टही आहेत. हा धागा त्याविषयी. 🧵

२/ प्रथम अडचण समजून घेऊ. कापड विणलेले असते. सुई शिरली की सूत बाजूला सरकते. टाका उसवला, तर छिद्र बहुधा बुजते. लाकडाचे तंतू मात्र तुटतात आणि छिद्र कायमचे राहते. तंतूंच्या दिशेने छिद्रे दाट पडली, तर टपाल तिकिटाच्या कडेप्रमाणे पापुद्रा फाटतो.

३/ म्हणून कारागीर साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या पापुद्र्यामागे कापड किंवा कागद चिकटवतात, टाके विरळ ठेवतात आणि यंत्राचा वेग कमी करतात. येथे चूक उसवून दुरुस्त करता येत नाही. सुई ठरलेल्या बिंदूवरच पडली पाहिजे. ही अचूकता यंत्रात आली कशी?

४/ वर्ष १८२८. फ्रान्समधील म्युलूझ येथे जोझुए हाइलमान यांनी भरतकामाचे यंत्र घडवले. त्याची सुई दोन्ही टोकांना अणकुचीदार आणि तिचे नेढे मधोमध होते. उभ्या ताणलेल्या कापडाच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्यांमध्ये ती आरपार ये-जा करी.

५/ कामगार एका हाताने पँटोग्राफचे टोक मोठ्या आकारात काढलेल्या नक्षीवर फिरवी. त्यानुसार कापडाची चौकट लहान प्रमाणात सरके. परिणामी शेकडो सुया एकाच वेळी तीच नक्षी भरत. स्वित्झर्लंडमधील सेंट गालनच्या परिसरात या यंत्राने मोठा उद्योग उभा केला.

६/ पण सुई आरपार जात असल्याने दोरा आखूडच ठेवावा लागे. तो संपला की शेकडो सुया पुन्हा ओवायच्या! हे काम स्त्रिया आणि मुले करीत. १८७७ च्या स्विस कारखाना कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामास मनाई केली; घरगुती उद्योग मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

७/ यंत्रे शेतकऱ्यांच्या घरांतही होतीच. त्यामुळे कायदा कारखान्याच्या दारापर्यंत आला आणि घराच्या उंबरठ्यावर थबकला. शाळेपूर्वी आणि शाळेनंतर सुया ओवणारी मुले हे त्या भरभराटीचे दुसरे अंग होते. तलम नक्षीच्या इतिहासात त्यांची नावे सहसा आढळत नाहीत.

८/ १८६३ मध्ये इझाक ग्रोब्ली यांनी शिवणयंत्रावरून स्फूर्ती घेतली : पुढून अखंड दोऱ्याची सुई, मागून दुसरा दोरा नेणारा छोटा धोटा. धोट्याचा आकार होडीसारखा, म्हणून यंत्राचे नाव पडले ‘शिफ्ली’, म्हणजे छोटी होडी. आखूड दोऱ्याचे बंधन सुटले.

९/ १८८० च्या दशकात आणखी एक झेप. कापडावर भरतकाम करून नंतर रसायनाने ते कापडच नाहीसे करायचे. उरते केवळ दोऱ्याची जाळी. टाके कशावर घालायचे, हा आता निवडीचा प्रश्न झाला होता. लाकडाकडे जाणारी वाट या विचाराजवळूनच जाते.

१०/ पुढे ग्रोब्ली यांच्या मुलाने छिद्रांच्या पट्ट्यांनी चालणारे स्वयंचलित यंत्र आणले. नक्षी हाताने गिरवण्याची गरज उरली नाही. आज ती जागा संगणकाने घेतली आहे. तरीही आपल्याकडील एम्ब्रॉयडरी कारखान्यांत संगणकावर नक्षी बसवण्याला ‘पंचिंग’च म्हणतात. पट्टी गेली, शब्द उरला.

११/ १९१० च्या सुमारास भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. मग पहिले महायुद्ध आले, फॅशन बदलली, मागणी कोसळली. अखेर सरकारी मदतीने यंत्रे मोडीत काढावी लागली. ज्या घरांनी सारी भिस्त एका यंत्रावर ठेवली होती, त्यांच्यावर काय ओढवले असेल, याची कल्पना करावी.

१२/ भरलेली लाकडी पुस्तकखूण हाती आली, तर ती उलटून पाहा. मागे अस्तर लावलेले नसेल, तर खालचा दोरा दिसेल. दोन दोऱ्यांची ही युक्ती भरतकामात ग्रोब्ली यांच्या यंत्राने रुजवली. तो दोरा पाहताना, त्याआधी शेकडो सुया ओवणाऱ्या मुलांचीही आठवण ठेवा.

धागा समाप्त.